कोटोको राजाचा, गोल्डफिल्ड्स खाणीचा

आफ्रिकन फुटबॉलवर मराठीत चार ओळी लिहिणारे मुळात मोजके, आणि त्यातले बरेच जण एक वाक्य हमखास लिहून मोकळे होतात: '१९९७ साली पहिल्यावहिल्या आफ्रिकन चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत घानाचा अशांती कोटोको पेनल्टीवर हरला.' एका वाक्यात दोन क्लबांचा खून. त्या वर्षी अंतिम फेरीत कोटोको नव्हताच. तिथे होता ओबुआसीचा गोल्डफिल्ड्स, जो पुढे आशांती गोल्ड या नावाने खेळू लागला. कोटोको राहिला कुमासीत, आपल्या घरी.

गोंधळ का होतो हे कळतं. दोन्ही क्लब घानाच्या आशांती प्रांतातले. कुमासीहून दक्षिणेला साधारण साठ किलोमीटर गेलं की ओबुआसी. दोघांच्या नावात असांते लोकांचा उल्लेख ('आशांती' हे 'असांते'चंच इंग्रजी रूप). भरीला दोघेही आफ्रिकेच्या अंतिम फेरीत पेनल्टी शूटआउटवर हरलेत: कोटोको १९९३ मध्ये कैरोच्या झमालेककडून, गोल्डफिल्ड्स १९९७ मध्ये कासाब्लांकाच्या राजाकडून. (हा 'राजा' क्लबाचं नाव. खरा राजा पुढे येतोच आहे.) पण म्हणून दोघांना एकच समजणं, किंवा आशांती गोल्ड म्हणजे कोटोकोची धाकटी पाती समजणं, हे अजिबात चालणार नाही.

कोटोकोची ओळख बहुतेकांना असते, म्हणून ती झटपट. १९३५ सालचा क्लब, लाल जर्सी, बोधचिन्हावर साळिंदर. घरचं मैदान कुमासीचं बाबा यारा स्टेडियम. १९७० आणि १९८३ असा दोनदा आफ्रिकेचा विजेता. अक्राच्या हार्ट्स ऑफ ओकशी जन्माचं वैर, आणि त्या वैरावरचा सगळ्यात काळा डाग म्हणजे ९ मे २००१, अक्राच्या स्टेडियममधली चेंगराचेंगरी, सव्वाशेच्या वर माणसं गेली. हे सगळं तुम्ही कुठे ना कुठे वाचलेलं असणार. साळिंदराला 'काटेरी उंदीर' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत बसत नाही, पण वाचताना दात शिवशिवतात.

आशांती गोल्डचंही तितक्याच वेगात: स्थापना १९७८, टोपणनाव 'मायनर्स', म्हणजे खाणकामगार, रंग पिवळा-काळा, मैदान ओबुआसीचं लेन क्ले स्टेडियम. लीगची विजेतेपदं १९९४, १९९५, १९९६ आणि २०१५. रंग, मैदान, टोपणनाव हे फरक कोणीही पाठ करेल आणि त्याने काहीही कळणार नाही.

खरा फरक क्लब कोणाचा, यात आहे.

त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. जानेवारी १८९६ मध्ये इंग्रजांनी असांतेंचा राजा पहिला प्रेंपे याला कुमासीत अटक केली, आणि शेवटी नेऊन ठेवला थेट सेशेल्स बेटांवर. पुढच्याच वर्षी, १८९७ मध्ये, लंडनमध्ये एक कंपनी नोंदवली गेली: आशांती गोल्डफिल्ड्स कॉर्पोरेशन. एडविन केड नावाच्या व्यापाऱ्याने ओबुआसीचा हक्क मिळवला होता, आणि कंपनीच्या पदरात पडली शंभर चौरस मैल जमीन, नव्वद वर्षांच्या करारावर. राजा तुरुंगात असताना राज्याचं सोनं करारबद्ध झालं. कंपनीच्या नावातलं 'आशांती' आलं ते इंग्रजांच्या नकाशावरून, प्रदेशाचं नाव म्हणून. कुठल्या घराण्याशी किंवा निष्ठेशी त्याचा संबंध नव्हता.

प्रेंपे १९२४ मध्ये परत आला तो साधा नागरिक म्हणून. पुढे त्याला फक्त कुमासीचा प्रमुख म्हणून मान्यता मिळाली. संपूर्ण असांते राज्याचा राजा, म्हणजे असांतेहेने, हे पद इंग्रजांनी पुन्हा मान्य केलं ३१ जानेवारी १९३५ ला, त्याचा वारस दुसरा प्रेंपे याच्या काळात. आणि त्याच १९३५ मध्ये कुमासीतल्या एका फुटबॉल संघाला 'असांते कोटोको' हे नाव मिळालं.

हा संघ त्याआधी काही वर्षं वेगवेगळ्या नावांनी खेळत होता. ती नावं काही लोकांच्या तोंडी बसली नाहीत. 'कोटोको' हे मात्र ऐरंगैरं नाव नव्हतं. साळिंदर हे असांते राज्याचंच चिन्ह. त्याचे काटे म्हणजे राज्याचे सैनिक: एक गळाला की दुसरा उगवतो. असांतेंची युद्धघोषणाच आहे, 'कुम अपेम आ, अपेम बेबा', हजार मारा, हजार येतील. ते चिन्ह फुटबॉलच्या संघाला वापरायचं तर राजाची परवानगी हवी, आणि ती दुसऱ्या प्रेंपेने दिली. चाळीस वर्षं मोडून पडलेलं राज्य पुन्हा उभं राहिलं त्या वर्षी हा क्लब राज्याच्या चिन्हासकट उभा राहिला. कोटोकोचा चाहता '१९३५' म्हणतो तेव्हा त्याला ही दोन्ही कामं एकदम आठवतात.

म्हणून कोटोकोचा आजीव आश्रयदाता आणि मालक असतो असांतेहेने. आज ते पद ओतुम्फुओ दुसरे ओसेई तुतू यांच्याकडे आहे. क्लबचं संचालक मंडळ मनह्या राजवाडा नेमतो आणि मनह्या राजवाडाच काढून टाकतो. चाहत्यांच्या शाखांना 'सर्कल' म्हणतात, आणि त्या देशभर आहेत. मालकी राजाकडे, पण असांते जनतेच्या वतीने, अशी ही रीत.

ओबुआसीचा क्लब यातला कुठलाच धागा घेऊन आला नाही. तो १९७८ मध्ये खाणीने काढला. तोवर कंपनीत निम्म्याहून जास्त, म्हणजे ५५ टक्के वाटा घाना सरकारचा झाला होता, बाकीचा लंडनच्या लोनरो कंपनीचा. नाव साधं: गोल्डफिल्ड्स. मैदान खाणीचं, पैसा खाणीचा, प्रेक्षकांतही खाणीत पाळी करून आलेले कामगार. १९९० च्या दशकात खाण भरभराटीत होती. सॅम जोना, जो याच गावात वाढला आणि याच खाणीत मजूर म्हणून राबला होता, कंपनीचा सर्वेसर्वा होता. १९९६ मध्ये कंपनीचे समभाग न्यूयॉर्कच्या बाजारात गेले. क्लबने लीग जिंकल्या त्याही याच वर्षांत, सलग तीन. २००४ मध्ये कंपनीचं अँग्लोगोल्डशी विलीनीकरण झालं, तेव्हा क्लबचं नावही बदलून आशांती गोल्ड झालं. मालकाने पाटी बदलली की संघाची पाटी बदलते. कोटोकोचं नाव असं कोणी बदलून दाखवावं!

म्हणूनच २००४ च्या आधीच्या घटनेला 'आशांती गोल्ड' लिहिलेलं मला खपत नाही. १९९७ मध्ये राजा कासाब्लांकाविरुद्ध जो संघ खेळला तो गोल्डफिल्ड्स होता. ओबुआसीत १-० जिंकला, मोरोक्कोत ०-१ हरला, शूटआउटमध्ये ५-४ ने गेला. एका खाणगावच्या संघाने हे केलं, तेव्हा निदान नाव तरी नीट लिहा. आणि मराठीत 'अशांती गोल्ड' लिहून सोन्यात बंडाळी माजवू नका, पहिल्या अक्षराला काना द्या.

आता दुसरी चूक, पहिलीहून जरा बारीक. कोटोको असांतेंचा क्लब हे एकदा कळलं की लोक लगेच दुसऱ्या टोकाला जातात: म्हणजे संघात सगळे असांतेच असणार. साफ चूक. क्लबच्या मैदानाला ज्याचं नाव आहे तो बाबा यारा कुमासीच्या मुस्लिम समाजातला. १९७० च्या विजेत्या संघाचा इब्राहिम संडे, १९७१ चा आफ्रिकेतला सर्वोत्तम खेळाडू; अब्दुल रझाक, १९७८ चा; नावांवरूनच कळतं. आणि गोलरक्षक रॉबर्ट मेन्सा तर केप कोस्टकडचा, आधी तिथल्या मिस्टीरियस ड्वार्फ्सकडून खेळलेला. किन्शासात काँगोच्या एंगलबर्ट संघाविरुद्ध १९७० च्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याचा दुसरा टप्पा चालू होता, शेवटी शेवटी यजमानांना पेनल्टी मिळाली. घानात अजून सांगतात, मेन्साने डोक्यावरची टोपी काढली. त्या टोपीत काहीतरी मंत्र आहे असं समोरच्यांना आधीपासून वाटत होतंच. चेंडू बारवरून गेला, कोटोको २-१ ने जिंकला. तीन वर्षांपूर्वी, १९६७ मध्ये, याच एंगलबर्टशी दोन सामने बरोबरीत सुटले होते आणि तिसऱ्याला कोटोको पोहोचलाच नाही, करंडक तसाच गेला होता. त्याचा हिशेब एका परगावच्या गोलरक्षकाने चुकता केला. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये घानातल्या टेमा शहरात एका बारमधल्या भांडणात मेन्साला बाटलीने भोसकलं, आणि तो गेला. कोटोकोसाठी तो आजही आपलाच.

राज्याची निष्ठा आणि रक्ताची जात यात केवढं अंतर आहे हे यावरून दिसतं. हार्ट्स ऑफ ओकशी तुलना करताना 'असांते विरुद्ध गा' (गा म्हणजे अक्राचे मूळ लोक) असं सरळ समीकरण मांडणारेही इथेच घसरतात. हार्ट्सच्या मंडळाच्या अध्यक्षपदी कितीतरी वर्षं तोग्बे अफेडे चौदावे आहेत, आणि ते 'हो' नावाच्या शहराचे, एवे लोकांचे राजे. असो, तो वेगळा विषय, आणि त्याला 'घानाचा एल क्लासिको' म्हणणाऱ्यांशी माझं वेगळं भांडण आहे.

मूळ मुद्द्यावर येऊ. मालक कोण याचा मैदानावर परिणाम दिसतो का? दिसतो, आणि तारखांतच दिसतो. कोटोकोने १९९१ ते १९९३ सलग तीनदा लीग मारली. लगोलग गोल्डफिल्ड्सने पुढची तीन. २०१२, २०१३, २०१४ पुन्हा कोटोको. २०१५ आशांती गोल्ड. शेजारच्या घरची सद्दी मोडायला दोन्ही वेळा खाणगावच लागलं. पण २०१५ चं विजेतेपद विचित्र आहे. २०१४ च्या अखेरीस ओबुआसीच्या खाणीतलं भूमिगत काम बंद पडलं होतं, हजारो कामगार घरी बसले होते. गावाच्या पोटावर पाय आला त्याच्या पुढच्याच वर्षी संघ देशात पहिला. वाचायला छान वाटतं, पण ज्याच्या जिवावर क्लब उभा होता तो आधार इथूनच हलला. पुढे क्लब खाणीच्या हातून खासगी मालकाकडे गेला.

कंपनीचे संघ असेच असतात हे मुंबईकराला सांगायला नको. महिंद्रा युनायटेड २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकतो, घानाचा युसिफ याकुबू त्याच्यासाठी गोल करतो, आणि २०१० मध्ये कंपनी संघ गुंडाळते. मंडळाच्या एका बैठकीत विषय संपतो.

आशांती गोल्डचा शेवट मात्र इतका नीटनेटका झाला नाही. १७ जुलै २०२१, लेन क्ले स्टेडियम. इंटर अलाइजविरुद्ध आशांती गोल्ड ५-० ने पुढे. इंटर अलाइजचा बदली बचावपटू हाशमिन मुसा मैदानात आलेला. त्याने चेंडू आपल्याच जाळ्यात मारला. मग पुन्हा मारला. ७-०. नंतर त्याने स्वतःच रेडिओवर सांगितलं: हॉटेलात कानावर आलं होतं की सामना ५-१ ने संपवायचा ठरलाय, पैज लागली आहे, ती पैज मोडायची म्हणून मारले. स्वयंगोल करून सामन्याची इज्जत वाचवायचा प्रयत्न करणारा खेळाडू मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मे २०२२ मध्ये घाना फुटबॉल असोसिएशनने आशांती गोल्डला थेट डिव्हिजन टूमध्ये, म्हणजे तिसऱ्या स्तरावर ढकललं. खेळाडूंवर आणि अधिकाऱ्यांवर बंदी आली. मालकाने कोर्ट गाठलं, मनाई हुकूम मिळवला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अख्खी प्रीमियर लीग काही आठवडे ठप्प झाली.

कोटोको तेव्हा गतविजेता होता. २०२१-२२ ची लीग त्यानेच जिंकली होती. पुढच्या वर्षी मनह्याने त्याचं संचालक मंडळ आणि व्यवस्थापन एका फटक्यात बरखास्त केलं. ते कोर्टात गेले नाहीत.