धवला ते ब्रास बँड : मुंबईच्या बेटांवरच्या कोळी-गाण्याची पार्श्वभूमी

मुंबई ही बेटं होती, हे आता सांगावं लागतं. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी सात, आणि माहीमच्या खाडीपलीकडे मोठी साष्टी. १७८४च्या सुमारास वरळीजवळची खिंड बांध घालून बुजवली गेली, १८३८मध्ये कुलाब्याचा रस्ता झाला, १८४५मध्ये माहीमचा. पुढे भरावावर भराव पडत गेले आणि बेटं एकमेकांना कायमची चिकटली. ती वेगळी होती याची खूण आज उरली आहे ती कोळीवाड्यांत. मुंबादेवी मूळची कोळ्यांची, तिच्यावरून मुंबई. आणि कुलाबा हे नावसुद्धा कोळ्यांवरूनच आलं असं सांगतात.

या कोळीवाड्यांचं गाणं सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, निदान तसं वाटतं तरी. शाळेच्या स्नेहसंमेलनात डोक्याला रुमाल बांधलेली पोरं पुठ्ठ्याची वल्ही मारतात, पोरी टोपल्या घेऊन येतात आणि सहा मात्रांच्या झुलत्या ठेक्यावर पालक टाळ्या वाजवतात. हा प्रकार खोटा नाही, पण अलीकडचा आहे. या बेटांवरचं जुनं गाणं होडीत कमी आणि मांडवात जास्त सापडतं, आणि ते गाणाऱ्या बहुतेक बाया असतात.

त्या गाण्याचं नाव धवला. लग्नातल्या प्रत्येक विधीला त्याचा त्याचा धवला असतो : मांडव घालताना वेगळा, पाण्याला जाताना वेगळा, हळद दळताना आणि लावताना वेगळा. देवांना लग्नाचं आवतण द्यायचं तेही गाऊनच. गणपती, खंडोबा, कार्ल्याची एकवीरा, गावदेवी अशा एकेकाला नाव घेऊन बोलावलं जातं. पुढची बाई ओळ म्हणते, मागच्या ती झेलतात. वाद्य लागतंच असं नाही. पुढची बाई म्हणजे धवलारीण. मुंबई, ठाणे, रायगडच्या किनाऱ्यावर आगरी आणि कोळी या दोन्ही समाजांत तिला मान आहे, आणि आगऱ्यांमध्ये तर लग्न लावण्याचं काम पूर्वी तीच करायची. मंत्रांच्या जागी तिचे शब्द. लिहिलेलं काही नाही; सासूकडून सुनेकडे, आत्याकडून भाचीकडे असंच ते आलं.

हा शब्द किती जुना आहे ते पाहिलं की थोडं थबकायला होतं. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यात धवल नावाचा प्रबंध, म्हणजे बांधीव गीतप्रकार, येतो, मंगलप्रसंगी आशीर्वादासाठी गायचा. त्याच शतकात विदर्भातल्या रिद्धपूरला महानुभाव पंथाच्या महदाइसेने गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्याच्या निमित्ताने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे ‘धवळे’ रचले. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात ते यावरूनच. गुजरातीतही ‘धोळ’ आहे, तोही धवलाचाच वंशज. महदाइसेचं गाणं कोळीवाड्यात पोहोचलं असा याचा अर्थ नव्हे. लग्नात गायच्या एका फार जुन्या गीतप्रकाराच्या अनेक फांद्या झाल्या, त्यातली एक पोथीत गेली आणि एक समुद्रकाठी बायांच्या तोंडी राहिली. कोळी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो, नारळाचा नारल होतो, तसाच धवळ्याचा धवला. पोथीतल्या फांदीचा अभ्यास झाला. मांडवातल्या फांदीकडे अभ्यासकांचं लक्ष पुष्कळ उशिरा गेलं, आणि ते का, हे वेगळं सांगायला नको.

आता होडीतल्या गाण्याकडे. ते होतंच, आणि कामासाठी होतं. वल्ही एका दमात पडायला हवीत, शीड एका झटक्यात चढायला हवं, जाळं ओढताना सगळ्यांचा जोर एका क्षणी लागायला हवा. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, हाक देतो, खलाशी ‘हैया हो’ म्हणत जोर लावतात. ही पूर्ण गाणी क्वचितच असत. हाकेला हाक जोडत, चेष्टामस्करी घुसडत, काम संपेपर्यंत ताणायची आणि मग सोडून द्यायची.

इथे ‘डोलकर’ या शब्दाबद्दल एक गैरसमज दूर करण्याजोगा आहे. लाटेवर डोलतो तो डोलकर, असं बहुतेकांना वाटतं. वास्तविक डोल हे जाळ्याचं नाव आहे : मोठ्या तोंडाचं, मागे निमुळतं होत गेलेलं पिशवीसारखं जाळं. समुद्रात रोवलेल्या खुंटांना ते बांधतात आणि भरती-ओहोटीचा ओढाच मासे आत लोटतो. बोंबील, जवळा, करंदी यांची मासेमारी मुख्यतः याच जाळ्यावर. डोल लावतो तो डोलकर. पाण्याला ओढ जितकी जास्त तितकं जाळं भरतं, म्हणून आवस-पुनवेच्या आसपासचे दिवस धावपळीचे. मासेमारीचं हे चक्र डोळ्यासमोर ठेवलं की होडीतल्या गाण्याचा ताल कुठून येतो तेही कळतं. तो नाचासाठी बसवलेला नव्हता, पाण्याने ठरवून दिलेला होता.

कोळ्यांच्या गाण्याला दुसरं वळण मिळालं ते पोर्तुगीजांमुळे. १५३४च्या वसईच्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं त्यांच्याकडे आली. फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पाद्री आले, चर्चेस उभी राहिली आणि अनेक कोळी कुटुंबं ख्रिस्ती झाली. धर्म बदलला तरी होडी, बाजार, बोली आणि शेजार तेच राहिले. लग्नातली गाणीही पुष्कळशी तीच राहिली. हे चर्चला फारसं रुचलेलं नव्हतं. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६मध्ये काढलेल्या फर्मानात लग्नातली देशी गाणी, वाद्यं आणि रीतिरिवाज यांवर बंदी घातली होती. पण मुंबई बेट तोवर इंग्रजांकडे जाऊन सत्तर वर्षं झाली होती, आणि साष्टी-वसईही १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी जिंकून घेतली. फर्मान कागदावर राहिलं.

त्यामुळेच आज ईस्ट इंडियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजात उंबराचं पाणी हा विधी टिकून आहे. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जायचं, पाणी आणायचं आणि त्या पाण्याने नवऱ्या मुला-मुलीला न्हाऊ घालायचं. बायांच्या अंगावर लुगडं, गाणी मराठी बोलीतली, आणि साथीला घुमट. ईस्ट इंडियन हे नाव मात्र नवं, १८८७चं. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी इथल्या मूळ ख्रिस्ती लोकांनी ते घेतलं, गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे आहोत हे सरकारला कळावं म्हणून. नाव इंग्रजी आणि मांडवातलं गाणं मराठी, हा विरोधाभास त्या समाजात कुणाला खटकत नाही, आणि खटकण्याचं कारणही नाही.

घुमटाबद्दल दोन शब्द. मातीचं मडकं, दोन्ही बाजूंनी उघडं. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, लहान तोंड हाताने झाकत-उघडत नाद बदलायचा. कातडं परंपरेने घोरपडीचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं आणि ते कातडं वापरणं गुन्हा ठरलं. त्यानंतर बकऱ्याचं कातडं आलं. जुने वाजवणारे आवाजातला फरक बोलून दाखवतात.

चर्चने एका हाताने बंदी घातली तरी दुसऱ्या हाताने एक मोठी गोष्ट दिली. चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला शिकवत, व्हायोलिन आणि फुंकून वाजवायची वाद्यं शिकवत. इंग्रजी अमलात पलटणींचे बँड शहरात वाजू लागले. या दोहोंतून वाजवणाऱ्यांचा एक वर्गच तयार झाला आणि तो लग्नाच्या वरातीत उतरला. कोळीवाड्यात ब्रास बँड इतका रुजला की आता तो परका वाटतच नाही. ट्रम्पेट ओळ उचलतो, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन ती झेलतात, खाली ड्रमचा ठेका. नीट ऐकलं तर ही धवलारणीचीच पद्धत आहे : एक पुढे, बाकीचे मागे. वाद्यं सातासमुद्रापलीकडून आली, गाण्याचा सांगाडा मांडवातलाच राहिला.

आणि मग ध्वनिमुद्रिका आल्या. शांता शेळके यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिलेली आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी गायलेली कोळीगीतं रेडिओवरून घराघरांत गेली. शाहीर विठ्ठल उमपांनीही कोळीगीतं गाऊन गाजवली. या गाण्यांचा दर्जा वादातीत आहे आणि कोळी समाजानेही ती आपली म्हणून स्वीकारली, हळदीत वाजवली. पण त्यांच्यामुळे एक निवड झाली. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. त्यात समुद्र, वादळ, होडीचा मालक नाखवा आणि त्याची वाट पाहणारी बाई बसते. तासभर चालणारा, विधीबरोबर थांबत-सरकत जाणारा धवला बसत नाही. शिवाय धवल्यात ऐकणाऱ्याला रमवणारं फारसं काही नसतं. तीच ती नावं, तेच ते आशीर्वाद, एकाच चालीत. तो ऐकवण्यासाठी नसतो, लग्न लागावं म्हणून असतो.

१९८०च्या दशकात कॅसेटी स्वस्त झाल्या, तेव्हा गाणं पुन्हा कोळीवाड्यांच्या हातात आलं. वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या, मंडळींनी आपल्याच बोलीत, आपल्याच वाद्यवृंदासह गाणी काढली आणि ती किनाऱ्यावरच्या प्रत्येक हळदीत पोहोचली. होडीची ‘होरी’ ऐकू येऊ लागली. बेंजो पार्ट्या आल्या, मग कीबोर्ड, मग डीजे. कोळीगीत आणि आगरी गीत यांतली सीमा पुसट होऊन ‘आगरी-कोळी’ असा एकच बाज झाला. नाकं मुरडणारे मुरडतात. माझ्या मते बोली टिकवण्याचं जे काम कुठल्याही परिषदेला जमलं नसतं, ते या कॅसेटींनी केलं.

होडीतलं गाणं मात्र परत आलं नाही. स्वातंत्र्यानंतर सहकारी संस्था आणि सरकारी कर्जं यांच्या आधाराने होड्यांना इंजिनं बसली. वल्हं गेलं, तसं वल्ह्याचं गाणंही गेलं. इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नसतं आणि त्याची गरजही नव्हती. नारळी पौर्णिमेचंही काहीसं तसंच झालं. श्रावणातल्या पुनवेला दर्याला नारळ वाहिला की समुद्र मोकळा, होड्या लोटायच्या, असा पूर्वी नेम. आता यांत्रिक होड्यांसाठी बंदीचा काळ सरकार ठरवतं, १ जून ते ३१ जुलै. पौर्णिमा त्या तारखेला येत नाही. होड्या कायद्याने निघतात आणि नारळ पंचांगाने वाहिला जातो. मिरवणूक मात्र पूर्वीपेक्षा मोठी निघते, बँडही पूर्वीपेक्षा मोठा असतो.

मांडवात अजून दोन्ही ऐकायला मिळतात, पण वेगवेगळ्या वेळी. सकाळी विधी असतात तेव्हा धवलारीण आणि तिच्याबरोबरच्या चार-पाच म्हाताऱ्या हळदीच्या पाटाजवळ बसून गातात. भोवती माणसांची ये-जा चालू असते, कुणी खास ऐकायला बसलेलं नसतं. संध्याकाळी डीजे लागतो आणि अख्खा कोळीवाडा जमतो. त्या म्हाताऱ्याही असतात त्यात, आणि नाचतातही.