धक्का वेगळा, थरथर वेगळी

पाच इंची प्रॉपेलरचा ड्रोन नव्याने बांधणारा माणूस थ्रीडी प्रिंटरवर पहिला कॅमेरा माउंट काढतो, तो बहुधा टीपीयू या लवचीक प्लास्टिकचा. का, तर उत्तर ठरलेलं: "रबरासारखं आहे ना, व्हायब्रेशन खाऊन टाकतं." मीही बरेच दिवस हेच सांगत फिरायचो. यात दोन गोष्टींची गल्लत आहे. ड्रोन आंब्याच्या फांदीवर आपटला की बसतो तो धक्का. मोटर फिरते तोवर चालूच राहते ती थरथर. धक्क्यावर टीपीयू हमखास औषध. थरथरीवर कधी लागू पडतं, कधी उलटतं.

धक्क्याचं सोपं आहे. पीईटीजी या कडक प्लास्टिकचा माउंट थोडासा वाकतो आणि तुटतो, तोही बहुतेक वेळा दोन थरांच्या सांध्यातच. 95ए कडकपणाचा टीपीयू दुमडतो आणि परत सरळ होतो. अँटेनाची नळी, मागचा बंपर, आर्मच्या टोकाचे बूट, सगळं याचंच करा. अँटेना तशीही कार्बन फ्रेमच्या बाहेर काढावी लागते, कारण कार्बन फायबर सिग्नल अडवतो. म्हणजे पहिला मार तिलाच.

थरथरीचं तसं नाही. मोटर मिनिटाला 12,000 फेरे घेत असेल, तर प्रॉपेलरमधला जरासा असमतोलही सेकंदाला 200 झटके देतो. माउंट म्हणजे स्प्रिंग, कॅमेरा म्हणजे वजन. या जोडीची झुलायची स्वतःची एक गती असते. ती 200 च्या बरीच खाली असेल तर झटके कॅमेऱ्यापर्यंत फारसे पोचत नाहीत. 200 च्या आसपास असेल, तर झोका नेमका मागे आला की ढकलावा तसं होतं आणि थरथर उलट वाढते. त्यात कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो. प्रत्येक ओळ वाचताना कॅमेरा किंचित सरकलेला असतो, आणि व्हिडिओ जेलीसारखा थुलथुलतो.

म्हणून 'मऊ' एवढं सांगून भागत नाही. जड ॲक्शन कॅमेरा पातळ भिंतींच्या टीपीयूवर चांगला निभावतो. तोच माउंट 100 टक्के इन्फिलने, म्हणजे आत पोकळी न ठेवता, भरून त्यावर चिमुकला कॅमेरा बसवला, तर कडक माउंट बरा म्हणायची वेळ येते. मी एकदा दोन संध्याकाळी इन्फिल खालीवर करत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी एका प्रॉपेलरच्या टोकाला तांदळाएवढा टवका उडालेला दिसला. प्रॉपेलर बदलला, जेली गेली. माउंट पहिलाच ठीक होता.

जीपीएसच्या दांडीला मात्र मी टीपीयू वापरत नाही. तिच्यावर बहुधा कंपासही असतो, आणि दांडी डुलली की ड्रोनला दिशाही डुलताना दिसते. इथे पीईटीजी, प्रिंटरवर आडवा झोपवून काढायचा, म्हणजे थर दांडीच्या लांबीने जातात. उभा काढलेला एका टिचकीत मोडतो. कंपासजवळ लोखंडी स्क्रू नको, नायलॉनचे घ्या. पीएलए (प्रिंटरचं आणखी एक प्लास्टिक) कडकपणात कमी नाही, पण 60 अंशांच्या आसपास मऊ पडतो. मे महिन्यात नागपुरात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून पाहा. पीईटीजी साधारण 80 पर्यंत तग धरतो.

भोकांचं मापही दोघांचं वेगळं. एम3, म्हणजे 3 मिलिमीटर जाडीच्या, स्क्रूसाठी पीईटीजीत मी 3.3 मिलिमीटर ठेवतो, कारण छपाईत भोक आवळतं. टीपीयूत 3 पुरतं, ते ताणून घेतं. पण वॉशर हवाच, नाहीतर स्क्रूचं डोकं रुतत जातं. आणि पावसाळ्यात टीपीयूचं स्पूल उघडं ठेवू नका. ओल धरली की नोझलपाशी तडतड वाजते आणि माउंटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे येतात. तसं झालं तर 50 अंशांवर पाचसहा तास वाळवून मगच प्रिंटरला लावा.