उदयोन्मुख संधिसाधू कवके

निरोगी माणसाला सहसा इजा न करणारी, परंतु प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांत गंभीर, प्रसंगी प्राणघातक संसर्ग घडवणारी आणि अलीकडच्या दशकांत अधिकाधिक आढळू लागलेली कवके. ‘उदयोन्मुख’ हे विशेषण काहीसे फसवे आहे. यांतील बहुतेक कवके माती, हवा व कुजका पालापाचोळा यांत पूर्वापार आहेत. वाढली आहे ती त्यांना बळी पडू शकणाऱ्या रुग्णांची संख्या, आणि ती बऱ्याच अंशी वैद्यकाच्या यशामुळेच वाढली आहे.

प्रतिकारशक्तीचा कोणता भाग दुबळा झाला आहे, यावर कोणते कवक शिरकाव करणार हे पुष्कळसे ठरते. रसायनोपचाराने (केमोथेरपीने) न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी घटल्या की ॲस्परजिलस, फ्युजेरियम व म्यूकरवर्गीय बुरशींचा धोका वाढतो. एचआयव्हीमुळे सीडी४ पेशी (प्रतिकारयंत्रणेतील एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) कमी झाल्या की क्रिप्टोकॉकस, न्यूमोसिस्टिस आणि आग्नेय आशियात टॅलॅरोमायसीस मार्नेफाय हे रोगकारक पुढे येतात.

कँडिडा ऑरिस मात्र खऱ्या अर्थाने नवखे ठरते. २००९ मध्ये जपानमधील एका रुग्णाच्या कानातील स्रावातून त्याचे प्रथम वर्णन झाले (लॅटिनमध्ये ‘ऑरिस’ म्हणजे कान). पुढे काही वर्षांतच वेगवेगळ्या खंडांत त्याचे जनुकीयदृष्ट्या भिन्न गट आढळले. ते त्वचेवर व रुग्णालयातील पृष्ठभागांवर दीर्घकाळ टिकते, रुग्णाकडून रुग्णाकडे पसरते आणि बहुतेक वेळा फ्लुकोनॅझोल या कवकनाशक औषधाला दाद देत नाही. जुन्या जैवरासायनिक चाचण्यांत त्याची गफलत कँडिडा हीम्युलोनीशी होत असे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १९ कवकांच्या अग्रक्रम यादीत ते सर्वोच्च गटात आहे.

कवकांच्या पेशी जिवाणूंपेक्षा मानवी पेशींना अधिक जवळच्या असल्याने, रुग्णाला अपाय न करता केवळ कवकालाच मारणारी औषधे मोजकीच आहेत: मुख्यतः पॉलीन, अझोल आणि एकायनोकँडिन हे तीन वर्ग. शेतीतही अझोल गटाची बुरशीनाशके वापरली जात असल्याने ॲस्परजिलस फ्युमिगेटसचे प्रतिरोधक वाण शेतातच निपजतात, आणि अझोल कधीच न घेतलेल्या रुग्णातही असे वाण सापडते. निदानही सरळ नसते. रक्तातील बीटा-ग्लुकन (अनेक कवकांच्या पेशीभित्तिकेतील घटक) शोधणारी चाचणी अनेक कवकांना उपयोगी पडते, परंतु म्यूकरवर्गीय बुरशींत ती सहसा नकारात्मक येते. तिथे ऊतींचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, लायपोसोमयुक्त ॲम्फोटेरिसिन बी (पॉलीन वर्गातील औषध) विनाविलंब सुरू करणे आणि शक्य असेल तेथे मृत ऊती शस्त्रक्रियेने काढून टाकणे आवश्यक असते.