राक्षसांची आई शनीभोवती उलटी फिरतेय

नॉर्स पुराणात, म्हणजे आइसलंड-नॉर्वेकडच्या जुन्या कथांत, आंग्रबोडा नावाची एक राक्षसीण आहे. लोकी या कपटी, खोडकर देवापासून तिला तीन पोरं झाली आणि तिन्ही एकापेक्षा एक: फेनरिर नावाचा लांडगा, अख्ख्या जगाला वेटोळं घालून बसलेला साप आणि मेलेल्यांच्या राज्याची मालकीण हेल. १३व्या शतकात आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसननं हे लिहून ठेवलंय, पण आईला मोजून एखाद-दुसरी ओळ, बाकी सगळा भाव पोरांनाच!

तर २०२२ मध्ये शनीच्या एका चंद्राला हिचं नाव मिळालं. चंद्र म्हणजे तीनेक किलोमीटरचा धोंडा, शनीपासून सरासरी २ कोटी किलोमीटर लांब, एका फेरीला जवळपास ३ वर्षं. (नवरोबांचा थाट बघा, गुरूच्या आयो चंद्रावर लोकीच्या नावाचा २०० किलोमीटर रुंद ज्वालामुखी आहे.)

एवढीशी गोष्ट सापडते कशी? हवाईतल्या मौना केआवरच्या ८.२ मीटरच्या सुबारू टेलिस्कोपनं २००४ ते २००७ मध्ये शनीच्या आसपासचे फोटो काढले होते, काही तासांच्या अंतरानं काढलेले असे फोटो एकावर एक ठेवले की तारे जागच्या जागी राहतात आणि एखादा अंधुक ठिपका शनीच्याच चालीनं सरकलेला दिसतो, पण तो ठिपका आणि दोन वर्षांनंतरच्या फोटोतला ठिपका एकच आहे हे सिद्ध करणं ही खरी डोकेदुखी. म्हणून घोषणा झाली थेट ऑक्टोबर २०१९ मध्ये, एकदम २० चंद्रांची.

मला भारी वाटतं ते हिचं उलटं फिरणं. शनी ज्या दिशेनं स्वतःभोवती फिरतो त्याच्या विरुद्ध ही जाते. टायटनसारखे मोठे चंद्र शनीभोवतीच्या वायू-धुळीच्या चकतीतच तयार झाले म्हणून शनीच्याच दिशेनं फिरतात, ही तिथली नव्हेच. बाहेरून आलेला एखादा मोठा गोळा शनीनं पकडला असणार, पण नुसतं जवळून गेलं म्हणून कोणी पकडलं जात नाही, वेग कमी व्हावा लागतो. हा वेग तरुण शनीभोवतीच्या वायूत घासून कमी झाला की तिसऱ्या कुणाच्या ओढाताणीत, यावर अजून वाद आहे. पुढे टकरीत त्या गोळ्याचे तुकडे झाले आणि आंग्रबोडा बहुधा त्यातलाच एक. म्हणजे राक्षसांची आई स्वतःच कुणाची तरी ढलपी!

फेनरिर नावाचाही चंद्र तिकडेच आहे, साधारण ४ किलोमीटरचा. मायलेकांचं नातं मात्र फक्त कागदावर, नावं वाटताना कुणी कुणाचा तुकडा हे बघितलं जात नाही. आणि २०२५ मध्ये आणखी १२८ चंद्र मान्य होऊन शनीचा आकडा २७४ वर गेलाय, शनीच्या अशा बऱ्याच लांबच्या चंद्रांना नॉर्स राक्षसांची नावं देतात, आता एवढ्यांना पुरतील इतके राक्षस शोधून काढायचे म्हणजे काम वाढलं.