सध्या कुठला अल्बम चालू आहे?

ठाण्यात तलावपाळीवर संध्याकाळी दोन गाणंवेडे भेटले की तब्येतीची विचारपूस झाल्या झाल्या पुढचा प्रश्न येतो, ‘सध्या काय ऐकतोयस?’ उत्तरात बऱ्याचदा एका गाण्याचं नाही, अख्ख्या अल्बमचं नाव येतं. ‘आठवडाभर किशोरीताई आमोणकरांच्या भूप रागाच्या पुढे गेलोच नाही,’ असं कोणी सांगतं आणि तळ्याला दुसरी फेरी सुरू होते. मला हा प्रश्न फार प्रिय आहे. पण अल्बम हे ऐकण्याचं माप आपल्याकडे पहिल्यापासून नव्हतं.

1902 साली कलकत्त्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना आवाज कोणाचा ते कळावं म्हणून गाणं संपताना गायिका स्वतःचं नाव सांगायची. त्या तबकड्या लाखेच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत, त्यामुळे तासभर रंगणारा ख्याल तेवढ्यात आवरावा लागे. परदेशात लांबलचक सिंफनीच्या चार-पाच तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या जाड पानांच्या बाडात घालून विकत, तिथून संगीतात ‘अल्बम’ हा शब्द आला. आपल्याकडे तबकड्या बहुतेक सुट्याच मिळायच्या, कागदी पाकिटात. म्हणून आपण ‘प्लेट’ म्हणत राहिलो, नाहीतर ‘रेकॉर्ड’.

त्यात रेडिओने गाण्यालाच एकक केलं. 1957 मध्ये विविध भारती सुरू झाली, मुंबई केंद्रावर ‘आपली आवड’ लागायची, आणि फर्माईश नेहमी एका गाण्याची. गीतकार पी. सावळाराम तर ठाण्याचेच. ते इथले नगराध्यक्षही झाले. वसंत प्रभूंची चाल आणि लताबाईंचा आवाज लाभलेली त्यांची गीतं घराघरांत पोचली ती अशी एकेक करून. भावगीत आणि सिनेसंगीत ऐकणारे आजही गाण्याचंच नाव घेतात, त्याचं मूळ इथे आहे.

एल.पी.ने हे बदललं. 1948 साली अमेरिकेत आलेली ही मोठी, सावकाश फिरणारी तबकडी एका बाजूला वीस-बावीस मिनिटं वाजायची. ख्यालाला श्वास घ्यायला जागा मिळाली. किशोरीताईंच्या एल.पी.वर एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री, ही जोडी आमच्या पिढीला तोंडपाठ आहे. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांच्या 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ने काश्मीरमधल्या एका दिवसाची गोष्ट रागांमधून सांगितली. मराठीत 1974 साली, शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीला, हृदयनाथांनी लताबाईंच्या आवाजात ‘शिवकल्याण राजा’ केला. त्यातली पदं सुटी ऐकली तरी अंगावर काटा येतो. पण ओळीने ऐकावीत तेव्हाच तो काय आहे ते उमगतं, असं मी आजही आग्रहाने म्हणेन.

एल.पी. महाग आणि प्लेअर त्याहून महाग. त्यामुळे ‘काय ऐकताय?’ या प्रश्नाचा खरा अर्थ ‘आम्ही ऐकायला येऊ का?’ असा होता. नौपाड्यात आमच्या वाड्यात एकाच घरी प्लेअर होता. त्या घरच्या काकांचे नियम ठरलेले: रेकॉर्ड कडांनी धरायची, खाचांना बोट लावायचं नाही, मऊ फडक्याने गोल गोल पुसायची, आणि बाजू संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही.

मग कॅसेट आली. फिलिप्सने ती 1963 मध्ये काढली, पण आपल्याकडे घरोघरी पोचायला ऐंशीचं दशक उजाडलं. दुकानात गाण्यांची यादी दिली की कॅसेट भरून मिळायची. आमच्या काकांनी मात्र वाड्यातल्या प्रत्येकाला स्वतः भरून दिली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, म्हणजे तिच्यावर एक एल.पी. जवळजवळ बेतल्यासारखी बसते. मला मिळालेल्या कॅसेटच्या एका बाजूला भूप आणि बागेश्री, दुसऱ्या बाजूला भीमसेनांचे अभंग. शेवटी थोडी फीत उरली, तिथे त्यांनी राम मराठ्यांचं एक नाट्यपद घातलं होतं. रामभाऊ ठाण्यातच राहायचे, त्यामुळे ‘आपले’ म्हणून ते पद. आतल्या कार्डावर निळ्या शाईत राग, ताल, साथीदार, सगळं बारीक अक्षरात. चुकून पुसलं जाऊ नये म्हणून वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे कान मोडून टाकलेले. अशा भरून दिलेल्या कॅसेटचा एक पैसा कलावंताला मिळत नव्हता, हे खरंच. पण दुसऱ्याला काय आवडेल याचा इतका विचार करून गाणं हाती देण्याची पद्धत मला त्याआधी माहीत नव्हती.

1978 पासून गडकरी रंगायतन होतंच. कार्यक्रम ऐकून घरी गेलं की त्या गायकाची कॅसेट कोणाकडे आहे याचा शोध सुरू व्हायचा. नव्वदीच्या अखेरीस सौमित्र आणि मिलिंद इंगळे यांच्या ‘गारवा’ने चित्रपटाबाहेरच्या मराठी अल्बमचं नाव कॉलेजच्या पोरांच्या तोंडी आणलं. 1990 मध्ये मुंबईत जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू झाली आणि सुरेश चांदवणकरांसारख्या माणसांनी एकत्र बसून तबकड्या ऐकण्याची जुनी रीत टिकवली.

पुढे एमपीथ्रीच्या एकेका सीडीवर शंभरावर गाणी कोंबलेली असायची. नाव ‘ट्रॅक 01’, गायक कोण पत्ता नाही, क्रम विस्कटलेला. त्या दहा वर्षांत मी कोणाला ‘काय ऐकतोयस?’ असं विचारल्याचं मला आठवत नाही.

क्रम परत आला तो फोनवर. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी 2019 मध्ये आलं, त्याआधीपासून गाना आणि सावन होतेच. जुन्या एल.पी.चं मुखपृष्ठ आता अंगठ्याएवढ्या चौकोनात दिसतं, बाजू पहिली आणि दुसरी ओळीने वाजतात. ठाण्याहून सीएसएमटीला धिम्या लोकलने तासभर लागतो, त्यात एक अल्बम पुरा ऐकून होतो. मुलुंड ते भायखळा ही भूपाची वेळ आहे, असं आमच्या डब्यातले एक गृहस्थ मनापासून सांगतात.

काकांची कॅसेट गेल्या पावसाळ्यात बुरशीने गेली. मी फोनवर तीच यादी लावली आहे: भूप, बागेश्री, अभंग, आणि शेवटी रामभाऊंचं पद. बागेश्री संपला की बाजू उलटायला हात अजून आपोआप पुढे होतो.