पेटंटची मालकी, लायसन आणि कोकणातला एकटा संशोधक

पेटंट म्हणजे नव्या शोधावर सरकारने दिलेला मुदतीचा हक्क. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, तोही फक्त भारतापुरता, आणि चालतो पेटंट कायदा १९७० प्रमाणे. काजू फोडायचं मशीन, आंबे काढायचा सुधारलेला झेला, नारळ सोलायचं यंत्र असलं काहीतरी वर्कशॉपमध्ये जुळवणारी माणसं कोकणात गावोगाव भेटतात, पण शोध कोणी लावला आणि पेटंट कोणाच्या मालकीचं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे बऱ्याच जणांना सही करून मोकळं झाल्यावर कळतं.

कलम ६ प्रमाणे अर्ज करू शकतो तो खरा आणि पहिला संशोधक, नाहीतर त्याने ज्याला हक्क लिहून दिलाय तो, आणि माणूस गेला असेल तर त्याचे वारस. नोकरीत असताना लावलेला शोध कोणाचा, यावर आपल्या कायद्यात वेगळं कलमच नाही. म्हणजे लोटे एमआयडीसीत काम करणाऱ्या केमिस्टचं सगळं त्याच्या अपॉइंटमेंट लेटरवर ठरतं, आणि ते लेटर पहिल्या दिवशी कोण नीट वाचतो? संशोधक म्हणून त्याचं नाव पेटंटवर लावून घेता येतं (कलम २८), पण नुसत्या नावाने कुठलाही हक्क मिळत नाही असं तिथेच लिहिलंय.

खरी गुंतागुंत भागीदारीत होते. एकाची आयडिया, दुसऱ्याचं लेथ, तिसऱ्याचे पैसे, आणि अर्जावर तिघांची नावं टाकली की कलम ५० लागतं: वेगळं काही ठरवलं नसेल तर तिघांचा हिस्सा सारखा, प्रत्येकाने स्वतः मशीन बनवून विकावं आणि बाकीच्यांना हिशोब द्यायची गरज नाही, पण लायसन (दुसऱ्याला ते बनवायची परवानगी) द्यायचं किंवा आपला हिस्सा विकायचा तर सगळ्यांची संमती पाहिजे. सातबाऱ्यावर मुंबईतल्या चुलत्यांची नावं असलेल्या जमिनीचं होतं तेच इथे होतं. ज्याच्याकडे कारखाना आहे त्याचं चालतं, ज्याच्याकडे फक्त डोकं आहे तो अडकून बसतो. म्हणून अर्ज करायच्या आधीच करार करा, भागीदार सख्खा भाऊ असला तरी.

लायसन तोंडी चालत नाही. ते लेखी लागतं (कलम ६८), पेटंटच्या रजिस्टरमध्ये नोंदवावं लागतं, आणि नोंद नसेल तर वाद झाल्यावर कोर्ट तो कागद पुरावा म्हणून सहसा धरत नाही. एक्सक्लुझिव, म्हणजे एकाच कंपनीपुरतं, लायसन दिलं की मालक असूनही स्वतःला बनवता येत नाही, आणि कंपनीने ते कपाटात ठेवून दिलं तर रॉयल्टी, म्हणजे लायसनचा मोबदला, शून्य! त्यावर उपाय म्हणजे दरवर्षीची किमान रॉयल्टी आणि ठराविक काळात उत्पादन सुरू केलं नाही तर लायसन रद्द, अशी अट करारातच घालणं. पेटंट मिळून ३ वर्षं झाली आणि वस्तू लोकांना वाजवी दरात मिळत नसेल तर कलम ८४ खाली त्यात हितसंबंध असलेला कोणीही सक्तीचं लायसन (मालकाची संमती नसताना मिळणारं) मागू शकतो. २०१२ मध्ये बायरच्या कॅन्सरच्या औषधावर नॅटकोला ते असंच मिळालं होतं, पण हा नियम छोट्या माणसालाही लागू आहे.

फी मात्र व्यक्तीला कमी आहे, ऑनलाइन अर्ज १,६०० आणि परीक्षणाची विनंती ४,००० रुपये, मोठ्या कंपनीला ह्याच्या पाचपट. खरा खर्च पेटंट एजंटचा, आणि तिसऱ्या वर्षापासूनच्या रिन्यूअलचा. आपल्या भागाचं ऑफिस मुंबईत अँटॉप हिलला. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकून तारीख पकडता येते, पूर्ण अर्जाला मग १२ महिने मिळतात. कृषी मेळाव्यात मशीन दाखवायचं असेल तर त्याआधीच हे करावं, कारण सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन सोडलं तर आधी उघड केलेली वस्तू नवीन राहत नाही. आजीच्या कोकम आगळाच्या पद्धतीला पेटंट मिळणार नाही (कलम ३ मध्ये पारंपरिक ज्ञान वगळलंय), झाडाचं कलम करायच्या नव्या रीतीलाही नाही, कारण शेतीची पद्धतसुद्धा त्याच कलमात वगळलीय. हापूसला २०१८ मध्ये मिळालं ते जीआय (भौगोलिक मानांकन), तो एका माणसाचा हक्क नव्हेच.

कोणी नक्कल केली तर दावा जिल्हा कोर्टात, म्हणजे रत्नागिरी किंवा ओरोसला लावता येतो. पण समोरच्याने पेटंटच रद्द करा असा प्रतिदावा टाकला की प्रकरण हायकोर्टात जातं, आणि बहुतेक जण तो टाकतातच, त्यामुळे खटल्याचा खर्च मनात धरूनच लायसनचा आकडा ठरवावा लागतो.