मूळ संख्या ओळखणं वेगळं, अवयव शोधणं वेगळं

‘प्रचंड मोठी संख्या मूळ आहे की नाही हे कॉम्प्युटरलाही सांगता येत नाही, म्हणून बँकेचे व्यवहार सुरक्षित.’ हे फॉरवर्डमध्ये येतं, भाषणांत येतं आणि दरवेळी साफ चुकीचं असतं.

मूळ संख्येची व्याख्या शाळेपासून पाठ आहे. १ मूळही नाही, संयुक्तही नाही. तो वाद इथे नको. घोळ वेगळाच आहे. शाळेत ११९ ला ७ ने भाग गेला, ७ × १७ मिळाले, संयुक्त ठरली. दोन्ही कामं एका दमात उरकल्यामुळे अवयव सापडल्याशिवाय संयुक्तपणा कळतच नाही, असं डोक्यात बसतं.

आता ११९ चे अवयव न शोधता बघा. फर्माचा नियम असा: २ हून मोठी कोणतीही मूळ संख्या घ्या, तिच्यापेक्षा एकने लहान घातांक २ ला द्या आणि तिनेच भागा; बाकी १ उरलीच पाहिजे. २ च्या ११८ व्या घाताला ११९ ने भागल्यावर बाकी ३० उरते. खेळ खलास! ११९ मूळ नाही हे सिद्ध झालं, आणि ७ किंवा १७ कुठे दिसलेसुद्धा नाहीत. (उलट बाजूने नियम फसतो: ३४१ म्हणजे ११ × ३१, तरी बाकी १. म्हणून प्रत्यक्षात याहून कडक चाचण्या लावतात.)

‘२ चा ६७ वा घात उणे १’ ही संख्या मर्सेन या गणितज्ञाने १६४४ मध्ये मूळ म्हणून सांगितली. १८७६ मध्ये ल्युकाने ती संयुक्त ठरवली, एकही अवयव न देता. अवयव १९०३ मध्ये कोलने दिले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. संख्या तीच, पण दोन उत्तरांत २७ वर्षांचं अंतर.

ओळखण्याचं काम आज सोपं आहे. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी तर त्यासाठी शंभर टक्के खात्रीची, अंक वाढले तरी हाताबाहेर न जाणारी रीत दिली. त्याने आरएसए (ऑनलाइन व्यवहार गुप्त ठेवायला वापरतात ती कूटपद्धत) मोडलं नाही, कारण आरएसए या कामाच्या अवघडपणावर उभंच नाही. उलट २०४८ बिटांची किल्ली बनवताना सुमारे ३०९ अंकी दोन मूळ संख्या झटपट ओळखाव्या लागतात. त्यांचा ६१७ अंकी गुणाकार जाहीर करतात. तो फोडणं, म्हणजे त्याचे अवयव शोधणं, अवघड. २०२० मध्ये आरएसए-२५० नावाची २५० अंकी संख्या फोडायला प्रोसेसरच्या एका कोरची सुमारे २,७०० वर्षं भरतील इतकी आकडेमोड लागली.

माझा खरा राग मात्र ‘सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली, आता बँकांची सुरक्षा वाढणार’ या बातमीवर. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. साऱ्या जगाला ठाऊक असलेली संख्या गुप्त किल्लीत कोण घालेल?